वेबसाइटचा बंदोबस्त

दातांचे डॉक्टर सकाळी दवाखान्यात शिरले ते धुमसतच. समोर नवा दातवाला आल्यापासून यांची खुर्ची रिकामी पडली होती. आणखी दोन महिने असेच गेले असते, तर पाटी उतरवायची वेळ आली असती. म्हणून त्यांनी वेबसाइट काढली, आणि तिची पानं घरबसल्या बदलता यावीत म्हणून काल एक एडिटर स्वतःच सर्व्हरवर बसवला. शेवटी पडद्यावर सूचना आली, की आता पासवर्ड घाला आणि इन्स्टॉलची फाइल काढून टाका. "मला अक्कल शिकवतोय," म्हणत डॉक्टरांनी कॉम्प्युटर तसाच सोडला आणि ते जेवायला गेले.

आणि आज पहिल्याच पानावर, त्यांच्या पदव्यांखाली, ठळक अक्षरांत एक ओळ होती: 'डॉक्टर फार रागीट आहेत, पण हात हलका आहे.'

डॉक्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे काम समोरच्याचंच, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. सर्व्हर कंपनीच्या माणसाला त्यांनी फोनवर दहा मिनिटं फैलावर घेतलं. तो बिचारा सांगत होता, की पासवर्ड घाला, ती फाइल उडवा, पण त्याआधी... त्याआधी काय, ते ऐकायला डॉक्टर फोनवर होतेच कुठे?

दातओठ खात त्यांनी चोवीस अक्षरांचा पासवर्ड बडवला. इन्स्टॉलची फाइल उडवली. विसरलेला पासवर्ड बदलून देणारी तेवढी एकच फाइल होती, ही गोष्ट वेगळी. मग ती ओळ पुसायला गेले, तर एडिटरने पासवर्ड मागितला, आणि रागाच्या भरात काय बडवलं ते त्यांचं त्यांनाच आठवेना. अकरा वेळा प्रयत्न झाला. चोर आत आणि मालक बाहेर, असं पक्कं कुलूप लागलं होतं.

पेशंटची नावं लिहून घ्यायला बसणारी त्यांची बायको हे सगळं बघत होती.

"ती ओळ मी लिहिलीये," ती म्हणाली. "काल तुम्ही जेवायला गेलात तेव्हा. पासवर्ड वगैरे काही विचारलं नाही त्याने."

"तू? माझ्या अब्रूचे धिंडवडे काढलेस तू."

"अहो, पण त्यात खोटं काय आहे?"

डॉक्टरांनी दोन दिवस अबोला धरला. कंपनीकडे पुन्हा मदत मागणं त्यांना कमीपणाचं वाटत होतं. ओळ पुसता येत नाही ना, मग ती खोटी पाडायची, असा त्यांनी चंगच बांधला. यापुढे आवाज चढवायचा नाही.

तिसऱ्या दिवशी एक आजोबा सुजलेला गाल धरून आले. डॉक्टरांनी त्यांना हात धरून खुर्चीत बसवलं आणि मधाळ आवाजात तोंड उघडायला सांगितलं. आजोबा तोंड उघडेनात.

"वेबसाइटवरचे डॉक्टर तुम्हीच ना?"

"हो, मीच."

"मग ओरडत का नाही? तिथे दोन गोष्टी लिहिल्यात. पहिलीच खोटी निघाली, तर दुसरीवर मी कसा भरवसा ठेवू?" आजोबा उठून पिशवी घेऊ लागले. "समोर जाऊन येतो."

"बसा खाली," डॉक्टर असे कडाडले, की बाहेर बायकोच्या हातातलं पेन पडलं. "तीन महिने दात किडवत बसलात, आणि वर मलाच प्रश्न विचारताय? उघडा तोंड."

आजोबांचा चेहरा खुलला. ते निवांत मागे टेकले आणि त्यांनी मोठा आ वासला.