कास टम्म हवी

समुद्राच्या पातळीखाली वसलेल्या एका सपाट देशात, मुलांनो, योरिस नावाचा शेतकरी राहायचा. त्याची बायको ग्रिएत. त्यांची एकुलती एक गाय बेर्था, आणि बेर्थाचं आठ दिवसांचं वासरू. वासरू शेवटी मरत नाही. आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही घास गालात धरून बसाल.

त्या देशात एक पद्धत होती. पाहुण्याला गोठा दाखवत नसत. गोठ्यात वास येतो. दिवाणखान्यातलं गाईचं चित्र दाखवत. चित्रातली कास जेवढी भरलेली, तेवढं घर मोठं.

योरिसने चित्रकार बोलावला.

"कास टम्म हवी," चित्रकार म्हणाला. "चित्र होईपर्यंत धार काढायची नाही. वासरू लांब बांधा."

"म्हणजे किती वेळ?" ग्रिएतने विचारलं.

"गाय दुपारपर्यंत होईल. कासेवर उजेड नीट पडायला ढग लागतो. ढगाचं काही सांगता येत नाही."

दुपारपर्यंत शिंगं झाली, पाठ झाली, शेपूटही झालं. ढग आला नाही.

"आई, दूध!" कुंपणापलीकडून वासरू ओरडलं.

"थांब राजा, ढग येतोय," बेर्था न हलता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी एक ढग आला. चित्रकार म्हणाला, "हा रोडका आहे." ग्रिएत वासराला पिठाचं पाणी पाजत राहिली.

"अहो, कास दगड झालीय. पिळू द्या मला!"

"अगं, दूध काय, उद्याही निघेल," योरिस म्हणाला. "चित्र नातवंडं बघतील."

"आणि वासरू?"

"तेही बघेल."

तिसऱ्या दिवशी झकास ढग आला. कास रंगवून झाली. ग्रिएत बादली घेऊन धावली. थोडं पिवळट पाणी आलं, मग तेही थांबलं. बेर्था आटली होती.

चार वाजता शेजारीपाजारी चित्र बघायला जमले.

"बाप रे योरिस, ही दूध देते तरी किती?"

"समोरच आहे. बघा की!"

इतक्यात दावं तोडून वासरू आत शिरलं. थेट चित्राखाली गेलं, मान वर करून हवेतच ढुसण्या देऊ लागलं.

चित्रकाराचे डोळे भरून आले. "ओळखलं! त्यानं ओळखलं!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पाहुण्यांसाठी शेजारून आणलेलं दूध ग्रिएतने वासरापुढे ठेवलं. पाहुण्यांच्या लक्षातही आलं नाही. ते कास बघत होते.

तात्पर्य: कलेची खरी जाण यायला तीन दिवसांची उपासमार पुरते. मात्र ती दुसऱ्याची असावी.