उंदराच्या अब्रूचा प्रश्न

धाडजवळच्या एका महाविद्यालयात, प्रयोगशाळेतल्या एका पांढऱ्या उंदराला पिल्लं होत नव्हती. बाब गंभीर होती. संस्थेचे अध्यक्ष भगवंतराव यांनी तातडीने दखल घेऊन एक समिती नेमली, कारण घरात हीच अडचण होती. मुलगा राम आणि सून समीक्षा यांचा पाळणा काही हलत नव्हता. समीक्षाला जानेफळला, म्हणजे माहेरी, कायमचं पोचवायचं घरात जवळजवळ ठरलं होतं. आणि उंदरांवर संशोधन करत होती तीच.

तिचं नवऱ्याला एवढंच म्हणणं होतं, "एकदा तुम्ही बी तपासून घ्या."

"मले काय झालं?" राम म्हणायचा. "सोयाबीनचं पोतं एकटा उचलतो मी."

समीक्षाने समितीपुढे सूक्ष्मदर्शक ठेवला. "मामाजी, ह्या नराच्या शुक्राणूंची डोकी वाकडी हायेत. शेपट्या मधातच मोडल्या. पुढं जातच नाईत, जागेवर गरगर फिरून राह्यले. जनुकातला दोष हाये."

भगवंतरावांनी सूक्ष्मदर्शकाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "नराले दोष म्हणते काय? चार उंदरांत त्याले तोंड दाखवायचं हाये. मादी बदलून पाह्य."

मादी बदलली. मग आणखी एक बदलली. शेवटी सासूबाई रुख्मिणीबाई स्वतः येऊन उंदरिणीची ओटी भरून गेल्या. नारळ उंदरिणीपेक्षा मोठा निघाला, म्हणून पिंजऱ्यावर ठेवला.

समीक्षाने मग पहिलीच मादी दुसऱ्या नराजवळ सोडली. पिंजरा भरून पिल्लं झाली. आता तरी पटेल, असं तिला वाटलं. समितीने मात्र मादीच्या चारित्र्याची चौकशी करायला उपसमिती नेमली. उपसमितीचे प्रमुख माणिकराव बराच वेळ पिंजऱ्यासमोर बसून म्हणाले, "पहिल्या घरी काई नाई, अन् दुसऱ्या घरी जात नाई तं गोकुळ. चालचलन बरोबर नाई हिचं."

समीक्षाने कपाळाला हात लावला. "काका, हा दोष नराले त्याच्या आईकडून येते. आईले काई होत नाई, पोराले भोगा लागते."

समितीत एकदम चैतन्य पसरलं.

"मंग हे आधी काऊन नाई सांगितलं?" भगवंतराव खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे दोष बाईकडूनच आला." ठराव लगेच मंजूर झाला: नर निर्दोष आहे. दोष नराच्या मातेचा असून तिला मूळ पिंजऱ्यात परत पाठवण्यात यावे. तत्सम सर्व प्रकरणांत हाच नियम लागू राहील. भगवंतरावांनी अनुमोदन देऊन पेढे वाटले.

संध्याकाळी समीक्षाने चहा ठेवता ठेवता विचारलं, "मामाजी, मंग आत्याबाईले पिंपळगाव राजाले कोण सोडून देते?"

सासूबाई रुख्मिणीबाईंचं माहेर पिंपळगाव राजा. त्यांनी बशी खाली ठेवली. "म्या काय केलं?"

"तुम्ही काईच नाई केलं आत्याबाई. ते उंदरीण बी काई करत नव्हती."

भगवंतरावांनी रात्रभर विचार केला. रामला दवाखान्यात नेणं ठरावाविरुद्ध होतं, कारण नर निर्दोष होता. ठराव मागे घेणं अब्रूविरुद्ध होतं. सकाळी त्यांनी दोन्ही बाजूंना न्याय दिला. दोन्ही माहेरांचे रस्ते जिथून फुटतात त्या बुलढाण्यापर्यंत सासूसून दोघींना एकाच जीपमध्ये बसवलं.

जीप गावाबाहेर पडली. मग रुख्मिणीबाई खिडकीकडे पाहत म्हणाल्या, "समीक्षा, तुह्या त्या यंत्रात माणसाचं बी दिसते काय वं?"

"दिसते ना."

"मंग मले आधीच दाखवा लागत होतं. म्या कान धरून आणलं असतं त्याले."

मागे घरी दोन निर्दोष नर गॅस कसा पेटवतात यावर चर्चा करत बसले.

एवढं सगळं वाचूनही तुमच्या मनात एक शंका असेलच, की त्या समीक्षाची स्वतःची तपासणी झाली होती का. समितीत एक जागा रिकामी आहे. अर्ज करायची गरज नाही, तुमची निवड झालेली आहे.