विरोधात एक

गुरुशांतप्पांच्या खोलीत पंखा लावायलासुद्धा मतदान व्हायचं. मे महिन्यातलं सोलापूर, सदरा पाठीला चिकटलेला, आणि अप्पा शांतपणे मोजतायत, "बाजूनं अकरा. विरोधात कोन हाय का?" विरोधात पेपर वाचणारा एखादा निघायचाच, कारण त्याची पानं उडायची. मग चर्चा. तोवर आमचा घाम आपोआप वाळायचा.

शुक्रवार पेठेत त्यांचं चादरींचं दुकान होतं. मागचं गोदाम रिकामं करून त्यांनी पेठेसाठी ही वाचनाची खोली उघडली. जागा त्यांची, निर्णय सगळ्यांचा. रविवारी सभेआधी वर्ग भरायचा. ज्याला येत नाही तो खुर्चीवर बसून विचारणार, ज्याला येतं तो सतरंजीवर. मी हायस्कुलात मास्तर, म्हणजे सतरंजी ठरलेली. एकदा मागावरच्या एका कामगारानं खुर्चीतून मला विचारलं, "गुरुजी, राजाचा शेला पुस्तकात हाय. विनला कुनी, ते कुटं हाय?" मी सतरंजीचे धागे उपसत बसलो. अप्पा मात्र लई खूश. "इचारल्याबिगर काय बी न्हाय!" हे त्यांचं पालुपद.

त्यांची लेक शांता अक्कलकोटला दिलेली. नवरा गेल्यावर ती माहेरी परतली होती. सभेला चहा आणायची आणि दाराशीच उभी राहायची. एकदा बायकांसाठी दुपारी दोनला वर्ग घ्यायचा ठराव आला. आम्ही पंधरा पुरुषांनी पंधरा हात वर केले. अप्पांनी मोजले आणि दाराकडे पाहिलं.

"शांता, तुझं मत?"

"तुमीच ठरवा की अप्पा. तुमीच ठरिवता."

अप्पांनी सभा तहकूब केली. माझं डोकंच फिरलं. पंधरा हात काय कमी होते? भांडायला म्हणून मी मागे थांबलो, तर ते सतरंजी गुंडाळत म्हणाले, "सातवीत पैली आलती, गुरुजी. शाळेतनं काढली, लगीन लावलं. इचारलं न्हाय."

मी सतरंजीचं दुसरं टोक धरलं.

पुढे चार रविवार तोच ठराव, तोच चहा, तेच उत्तर. पाचव्या रविवारी अप्पा घरातल्या कानडीत नुसतं "हेळम्मा" म्हणाले. सांग बाई, एवढंच.

शांतानं किटली खाली ठेवली. "दोनला नळाला पाणी येतंय. बायका येतील कशा? सकाळी अकराला घ्या." आणि तिनं हात वर केला.

"विरोधात एक!" अप्पा केवढ्यांदा ओरडले. मग ठरावांची वही माझ्याकडे सरकवून म्हणाले, "तुमी लिवा गुरुजी. मला दिसंना झालंय."