केसरच्या मामाचा परवाना

लेकीच्या, केसरच्या, लग्नाला दोन दिवस उरले असताना चकलांब्याहून इवायाचा, म्हणजे नवऱ्या मुलाच्या बापाचा, निरोप आला आणि आश्रुबाच्या ओठाला लागलेला पाण्याचा तांब्या तिथंच थांबला. निरोप्या ओट्यावर टेकला, मिशा पुसल्या आणि पाठ करून आणलेलं म्हणून दाखवलं, "राधाकिशन पाटलांनी सांगितलंय, नवरीच्या मागं तिचा मामा उभा पायजे. मामा नसंल तर आमी वऱ्हाडाच्या गाड्या जुंपत न्हाई. आमच्या घराण्यात मामाबिगर अक्षता पडलेल्या न्हाईत."

"मामाला काय झालंय?" आश्रुबा म्हणाला. "मामा हाय की."

मामा होता. फक्त तो नदीपलीकडं होता, आणि नदीपलीकडं इंग्रजी हद्द होती. पाटोद्याच्या अंगाला असलेलं आश्रुबाचं गाव मोगलाईतलं, तर त्याची सासुरवाडी बोरवाडी इंग्रजाची. मधली नदी वैशाखात इतकी आटायची की कोंबडी पाय न भिजवता पार व्हायची. पण त्या साली पलीकडच्या मुलखात गाठीच्या तापाची साथ आली, निजाम सरकारनं नाके बंद केले आणि कोंबड्यांनासुद्धा परवाना लागू लागला. खुद्द बोरवाडीत रोग शिरला नव्हता. तिथली माणसं एकाच वेळी इतकी बोलायची की रोगाला मधी तोंड घालायला सवडच मिळाली नसावी.

चुलीपुढून त्याची बायको बायनाबाई म्हणाली, "माझा भाऊ सुग्रीव न्हाई आला तर मीबी मांडवात उभी ऱ्हायची न्हाई. सांगून ठिवते."

"अगं, आणतो परवाना. मी काय ऐरागैरा हाय का? अख्ख्या बोरवाडीचा जावई हाय मी."

यात तसूभरही खोटं नव्हतं. बोरवाडीची रीतच अशी, की गावची लेक ती सगळ्या गावाची लेक आणि तिचा नवरा सगळ्या गावाचा जावई. त्यामुळं अधिक महिन्यात आश्रुबा सासुरवाडीला गेला की घरोघर धोंड्याचं जेवण. वरून तूप, आणि वाढणारीचा हात आखडायचा नाही. एका अधिकात तो इतका जेवला, की परतताना गाडीची चाकं रुतली आणि बैलांनी माना वळवून मागं पाहिलं. हे तो स्वतःच सांगायचा, आणि सांगताना पोटावरून हात फिरवायचा.

नाक्यावरचा अंमलदार, अमीन दस्तगीरसाब, हा कायद्याचा माणूस. बाभळीखाली बाज टाकून बसायचा आणि सावली सरकली की बाज सरकवायचा. दिवसाकाठी एवढीच काय ती हालचाल. त्यानं आश्रुबाला कायदा ऐकवला. बाहेरचं माणूस आत घ्यायचं तर मुलखातल्या रहिवाशानं जामीन राहायचं. नातं जवळचं पाहिजे. आणि एकदा आत आलेला माणूस साथ ओसरून नाका उघडेपर्यंत आतच राहणार, तोवर त्याचं खाणंपिणं जामिनदाराकडं.

"किसकू बुलाते?" अमीननं विचारलं.

"पोरीच्या मामाला, साहेब."

"मामू. कित्ते?"

इथं आश्रुबानं 'एक' म्हणायला पाहिजे होतं. पण नाक्याचे शिपाई कान देऊन बसले होते, आणि चारचौघांत आपली सासुरवाडी एवढीशी करून सांगणं त्याच्या जिवावर आलं. पटक्याचा शेमला मागं टाकत तो म्हणाला, "साहेब, नातं का मोजत्यात?"

अमीननं विचार केला. "हौ, ये भी सही है," म्हणाला आणि 'दुल्हन के मामू' एवढंच लिहून त्यानं शिक्का मारला.

परवाना कमरेला खोचून आश्रुबा नदीवर आला. पलीकडच्या काठाला बोरवाडीचा पंडित गुरं घेऊन बसला होता. आश्रुबानं हाताचा कर्णा केला. "पंडित, आरं, केसरच्या मामाला परवाना झालाय. परवा सकाळी नाक्यावर या म्हणावं."

"झाला का? लई बेस झालं," पलीकडून उत्तर आलं. "येतो की मंग."

अर्ध्या वाटेत आश्रुबाला त्या 'येतो की'चा खडा टोचला. पण जेवणवेळ झाली होती, आणि उपाशीपोटी विचार करायची त्याला सवय नव्हती.

लग्नाच्या दिवशी तांबडं फुटल्यावर त्यानं बायनाबाईला छकड्यात घातलं आणि नाका गाठला. मुहूर्त गोरजाचा होता. चकलांब्याच्या गाड्याही एव्हाना निघाल्या असणार. थोड्या वेळानं पलीकडच्या रस्त्यावर धूळ उठली.

"वारं सुटलंय," आश्रुबा म्हणाला.

"वारं गात येत न्हाई," बायनाबाई म्हणाली.

धुळीतून आधी हलगी निघाली, मग पटके, मग अख्खी बोरवाडी. म्हातारे, तरणे, लंगडे, पैलवान; आणि सगळ्यांच्या मधोमध नवरीचं लुगडं छातीशी धरून चेंगरलेला सुग्रीव. नाका बसल्यापासून पहिल्यांदाच अमीन बाजेवरून उठून उभा राहिला.

"इसमें मामू कौन है?"

"मी," बोरवाडी म्हणाली.

अमीननं सगळ्यांत पुढच्या बबनराव पाटलांकडं बोट केलं. पाटलांच्या तोंडात एक दात होता आणि तोही हलत होता. "ये तो नाना की उमर का है."

"आमच्यात वय बघत न्हाईत, साहेब," बबनराव म्हणाले. "नात्यानं मामाच."

मागं कासीम पिंजारी उभा होता. त्याच्या दाढीकडं पाहून अमीनचा आवाज चढला. "क्या बे, तू भी मामू?"

"हौ साब. बायनाआपा हमारे गाँव की है. उसके ब्याह की गादी मैंच भऱ्या."

अमीनचं डोकं फिरलं. तो आश्रुबाकडं वळला. "एक सच्चा, बाकी सब झूठे. सरकार से झूठ बोले सो हवालात में जाते. तू जामीन है. तूच बोल, मामू कौन?"

आश्रुबानं पाहिलं. एकाच्याच खांद्यावर हात ठेवावा, तर सगळी सासुरवाडी हवालातीत. सगळ्यांना मामा म्हणावं, तर नाका उघडेपर्यंत सगळी सासुरवाडी आपल्या पंगतीला. गप्प बसावं, तर राधाकिशन गाड्या फिरवणार आणि केसर हळदीच्या अंगानं घरात राहणार.

"सांगा जावईबापू," बबनराव मऊ आवाजात म्हणाले. "आमच्या ओसरीवर तूप वाढून घेतलं, तवा आमी तुमचे कोण होतो, तेवढं सांगा. आमी कुठंबी जातो मग."

आश्रुबानं बायकोकडं पाहिलं. अमीनलाही ते पटलं. "हौ, बाई कू पूछो. बाई, कसम खा के बोल, तेरा भाई कौनसा?"

बायनाबाईनं डोईवर पदर घेतला आणि ओळीतून चालू लागली. "ह्येनी मला इहिरीतून वर काढलं. ह्यो माझ्या लग्नात माझ्याआदी रडला. ह्येच्या घरी मला गोवर निघालता. आन् ह्यो पंडित, ल्हानपणी माझ्या झिंज्या उपटायचा, मंजी सख्ख्याहून सख्खा." ओळ संपवून ती अमीनपुढं येऊन उभी राहिली. "साहेब, यातला भाऊ न्हाई असा कोणता, ते तुमीच दावा. तुमाला बहीण न्हाई का, दादा?"

"नैं," अमीन म्हणाला.

"मंग आता हाय की."

सावली तिथंच असताना अमीननं उगीचच बाज सरकवली आणि शिपायांना म्हणाला, "नाका खोलो."

आश्रुबानं जामिनाच्या कागदावर एकेका मामामागं एकेक अंगठा उमटवला. उमटवता उमटवता दौत कोरडी पडली, मग शिपायांनी तव्याची काजळी आणली.

गोरजाला राधाकिशन पाटील मांडवात मान ताठ करून बसले होते. नवरी आली ती चालत नाही, मामांच्या हातांवरून आली. वेशीपासून बोहल्यापर्यंत तिचा पाय जमिनीला लागला नाही. अंतरपाट धरला तेव्हा तिच्या मागं मामांची रांग मांडवाबाहेर जाऊन, गोठ्याला वळसा घालून आडापाशी संपत होती.

"ह्यो मामा?" राधाकिशन पाटलांनी विचारलं.

"ह्योबी," आश्रुबा म्हणाला.

अक्षता पडल्या. अमीनसाब भाचीला साडी घेऊन आला आणि बायनाबाईनं त्याला भावाच्या पाटावर बसवलं. मग पंगत बसली, आणि आश्रुबाचा चेहरा हळूहळू उतरत गेला. मामालोक अगदी जावयासारखे जेवत होते. एकट्या पंडितपायी आचाऱ्यानं दोनदा कणीक मळली. "नाका कवा उघडंल, साहेब?" आश्रुबानं हळूच विचारलं. "बारिश के बाद, इंशाल्ला," अमीन म्हणाला आणि त्यानं आणखी एक पुरणपोळी घेतली.

रात्रभर आश्रुबाच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी पाठवणीच्या वेळी मात्र तो ताजातवाना दिसला. सगळ्या वऱ्हाडादेखत त्यानं राधाकिशनपुढं हात जोडले.

"इवाई, तुमच्या घराण्यात मामाबिगर अक्षता पडत न्हाईत. मंग मामाबिगर तुमचा उंबरा तरी नवरीनं कसा वलांडायचा? लोक काय म्हंतील?"

राधाकिशन पाटलांनी वऱ्हाडाकडं पाहिलं. वऱ्हाड त्यांच्याकडं बघत होतं. मग त्यांनी अमीनकडं पाहिलं. "मुलुख के अंदर किधर भी रक्खो," अमीननं कायदा सांगितला. हलगी वाजली आणि चकलांब्याच्या वाटेला नवरीच्या गाडीमागं अख्खी बोरवाडी लागली. राधाकिशन पाटील मागं वळून वळून बघत होते, आणि त्यांचे बैलही.

आश्रुबा मोकळ्या ओट्यावर अंग टाकून झोपला तो थेट दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर उठला. घरात पुन्हा पुरणाचा वास सुटला होता.

"अगं, आता कुणासाठी शिजवतीस?"

"अमीनदादा आलता सकाळी," बायनाबाई आतून म्हणाली. "म्हणला, आपा, भाऊ समदे आले, बहिणी का ऱ्हायल्या? केसरच्या मावशीचा परवाना सोताहून देऊन गेला. मी नदीवर जाऊन हाक मारून आले."

आश्रुबा उठून बसला. "आन् जामीन कोण?"

"तुमीच की. तुमचा अंगठा वळखीचा झालाय, म्हणला. उमटवायची गरज न्हाई."

"मावश्या कितीक येणार?"

बायनाबाईनं पुरणावर झाकण ठेवलं. "आवं, नातं का मोजत्यात?"

आश्रुबानं नदीकडं पाहिलं. तिकडं धूळ उठली होती.

"वारं सुटलं असंल," तो स्वतःशीच म्हणाला.

वारं गात येत होतं.