पत्र्यावरून व्हाया लासूर

पडेगावच्या साळवे सरांना हॅम रेडिओचा परवाना मिळाला तेव्हा ते बासष्ट वर्षांचे होते. आयटीआयमध्ये तीस वर्षं वायरिंग शिकवून निवृत्त झालेले. घरच्या पत्र्यावर अँटेना लावायची आणि लांबलांबच्या माणसांशी बोलायचं, एवढीच आता हौस होती. पत्नी रत्नमालाबाईंचा त्याला विरोध नव्हता. फक्त सरांनी स्वतः पत्र्यावर चढू नये, असं त्यांनी बजावलं होतं. म्हणून एप्रिलमधल्या एका सकाळी, त्या स्वयंपाकात असताना, सर न सांगता चढले.

शिडी शेजारच्या कडुबाची. अँटेनाच्या बुडाला लोहचुंबक होता, त्यामुळे ती पत्र्याला घट्ट बसली. सरांनी केबल हातातल्या वायरलेस सेटला जोडली, समाधानानं मागं वळून पाहिलं, तर शिडी नव्हती.

काम उरकलं असेल असं समजून कडुबा ती टेम्पोत टाकून मुकुंदवाडीला लेकीकडं घेऊन गेला होता, हे पुढं कळलं. त्या घडीला सरांना एवढंच कळत होतं की फोन खाली चार्जिंगला आहे आणि पत्रा तापत चाललाय. त्यांनी हाका मारल्या. आत कूलर घरघरत होता. मग त्यांनी पाय आपटला. रत्नमालाबाईंना वाटलं, वानरं आली. त्यांनी आतून झाडूच्या दांड्यानं नेमकं सरांच्या पायाखाली तीनदा ठोकलं. पत्रा थरथरला, तसे सर अंथरायला वर नेलेल्या गोणपाटावर मटकन बसले आणि पुन्हा हलले नाहीत. शेवटी त्यांनी सेटचं बोलायचं बटण दाबून हाक दिली.

लासूर स्टेशन गावाहून बन्सी नावाच्या, हाच छंद असलेल्या बियाण्याच्या दुकानदारानं उत्तर दिलं.

"आवाज लई साफ येतोय, सर. अँटेना कुठं लावली?"

"पत्र्यावर. मी पण तिथंच आहे. शिडी गेली. माझ्या बायकोला तेवढा फोन करा."

बायकोचा नंबर मात्र त्यांना पाठ नव्हता. त्यांनी स्वतःचाच दिला.

पाच मिनिटांनी बन्सी ओशाळून सेटवर परत आला. ताईंनी फोन काटला होता. असे फसवणुकीचे फोन लई येतात, काल एकानं तुमचा मुलगा पोलिसांनी धरला म्हणून सांगितलं आणि मला तर मुलगाच नाय, असं त्या म्हणाल्या. दुसऱ्यांदा लावल्यावर त्यांनी अट घातली. फक्त नवऱ्यालाच माहीत असेल, अशी एखादी खूण सांगा.

सरांनी बराच विचार केला. लग्नाची तारीख भिंतीवरच्या फोटोखाली लिहिलेली होती, माहेरचं गाव साऱ्या गल्लीला ठाऊक. गोणपाटाखालून चटके लागायला लागले.

"तिला म्हणावं," ते हळू आवाजात बोलले, "सोन्याची पोत ज्वारीच्या कोठीत आहे. तळाला, निळ्या फडक्यात. मला माहीत नाय असं तिला वाटतं."

बन्सी म्हणाला, "सर, या चॅनलवर अजून मंडळी ऐकतेत."

"जालन्याहून बोलतोय," तिसराच आवाज आला. "आम्ही काय ऐकलं नाय, सर."

बन्सीनं निरोप पोचवला. त्यानंतर दहा मिनिटं कोणी बाहेर आलं नाही. खालून फक्त कोठीचं झाकण वाजल्याचा आवाज आला. मग रत्नमालाबाई अंगणात आल्या, वर पाहिलं आणि समोरच्या बांधकामावरून दोन गवंडी आणि त्यांची शिडी घेऊन आल्या.

सर उतरले. सेट हातात, केबल वरून लोंबत होती. बाईंनी त्यांना पाणी दिलं. सरांना पत्र्यावर वाटली नव्हती एवढी भीती आता वाटली. मग बाईंनी सेटसाठी हात पुढं केला, कोणतं बटण ते विचारलं आणि दाबलं.

"बन्सीभाऊ, पडेगावहून बोलते. लई उपकार झाले तुमचे. आणि बाकी जे कोणी ऐकत असतील त्यांनाबी सांगते, ती पोत आता तिथं नाय."

बटण सोडताच जालन्याहून उत्तर आलं.

"साफ ऐकू आलं, ताई."