मेलची उगवणक्षमता

जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणे कंपनीची शाखा आहे. त्या शाखेतले ज्येष्ठ कारकून आबाराव येत्या महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. गोष्ट साधी होती. माणसाचं वय होतं, कंपनी हार घालते, माणूस घरी जातो. आबारावांचं घर धावड्याला. जवळजवळ उभी नोकरी त्यांनी जालन्यात खोली करून काढली आणि घरी रविवारचे पाहुणे म्हणून गेले. त्यांची बायको गोपिकाबाई याला संसार म्हणायला तयार नव्हती. निवृत्तीची तारीख कळताच तिनं परस्पर एक म्हैस सांगून ठेवली आणि फोनवर बजावलं, "धार तुम्ही काढायची. माझे हात आता जोडलेत."

"काढतो की. बिलकुल काढतो," आबाराव म्हणाले. त्या दिवसापासून ते टाइप करतानाही अंगठा आणि बोटं धार काढल्यासारखी हलवू लागले.

तेवढ्यात हैदराबादच्या मुख्य कार्यालयातून मेल आली.

"उपरोक्त संदर्भीय विषयान्वये कळविण्यात येते की, सर्व संबंधितांनी आपापल्या संगणकावरील ईमेलच्या अर्काइव्ह फाइल्सचा बॅकअप विहित मुदतीत घेऊन तो सुस्थितीत असल्याचे सक्षम अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र सादर करावे, तसेच यापूर्वी वेळोवेळी निर्गमित सूचनांच्या अनुषंगाने, शाखा कार्यालये वगळून, अन्य सर्व ठिकाणी सदर कार्यवाही कर्मचाऱ्याच्या सेवानिवृत्तीपूर्वी पूर्ण करणे बंधनकारक राहील, याची कृपया नोंद घ्यावी."

शाखेतल्या झाडून सगळ्यांनी लगोलग उत्तर पाठवलं, 'नोंद घेतली.' मेल वाचली कुणी, हा प्रश्न कार्यालयीन पद्धतीत बसत नाही. निवृत्तीच्या आधी काहीतरी करायचं आहे आणि निवृत्त आबाराव होणार आहेत, एवढं सगळ्यांना कळलं.

आबारावांनी आयुष्यात एकही मेल पुसली नव्हती. "शेतकऱ्याचा पिंड, दाणा फेकवत न्हाई," असं ते म्हणत. दिवाळीच्या शुभेच्छा, बदल्यांचे हुकूम, दुकानदारांच्या मागण्या, कँटीनमधल्या भाजीत निघालेल्या खड्याची चौकशी, सगळं एकाच अर्काइव्ह फाइलमध्ये कोंबलेलं. फाइल इतकी फुगली होती, की तिच्यावर क्लिक करून माणूस चहा पिऊन आला तरी ती आळसच देत असे.

शाखेत संगणकाचा जाणकार नव्हता. ते खातं सोमेश्वर साहेबांकडे जादा म्हणून दिलं होतं. साहेब मूळचे बियाणे तपासणीतले.

"आबाराव, बॅकअप म्हणजे काय?" साहेबांनी विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. "पुढच्या हंगामासाठी राखून ठेवलेलं. म्हणजे बियाणंच की!"

ऑपरेटर प्रियदर्शनी मॅडमनी फाइल एका हार्ड डिस्कवर उतरवून घेतली. काम खरं तर तिथंच संपलं होतं. पण बियाण्याला पद्धत असते. डिस्क कापडी पिशवीत घातली. कीड लागू नये म्हणून वरून लाल औषध चोळलं. पिशवीचं तोंड मशीनवर शिवलं, लॉट नंबर टाकला, 'विषारी, खाण्यास वापरू नये' असं लेबल लावलं आणि पिशवी शीतगृहात मक्याच्या पोत्यांवर ठेवली.

"आता प्रमाणपत्र देता ना साहेब?" आबारावांनी विचारलं.

"कशाच्या आधारावर? उगवण तपासल्याशिवाय मी ज्वारीच्या दाण्यालाही कधी प्रमाणपत्र दिलं नाही."

"पण सर, मेल उगवली हे कळणार कसं?" प्रियदर्शनी मॅडम म्हणाल्या.

"उत्तर आलं की उगवली."

"म्हणजे जुन्या मेल पुन्हा पाठवायच्या?"

"पेरल्याशिवाय उगवतं का, मॅडम?"

मॅडमनी क्षणभर आबारावांकडे पाहिलं. आबारावांना म्हैस दिसत होती. ते म्हणाले, "पेरा मॅडम, जल्दी पेरा."

उगवण तपासायला चारशे दाणे घेतात, म्हणून चारशे मेल घेतल्या. पिशवी उसवली, डिस्कवरची लाली फडक्यानं झटकली आणि पोत्यात मूठ घालावी तशा डोळे मिटून मेल निवडून ज्याच्या त्याला पुन्हा धाडल्या.

दुसऱ्याच दिवशी, भर जूनमध्ये, कँटीनला चकल्या तळल्या गेल्या आणि फाटकावर आकाशकंदील लागला. कुणी काही विचारलं नाही. दिवाळी यंदा लवकर आली, एवढंच लोक म्हणाले. त्यापाठोपाठ 'उद्यापासून घरून काम करावे' ही महामारीतली मेल उगवली. निम्मी शाखा आलीच नाही. जी आली तिच्या कपाळाला वॉचमननं तोंडाला फडकं बांधून तापमापक लावला. भोकरदनच्या एका जुन्या दुकानदाराकडे बाजरीच्या बियाण्याचा टेम्पो गेला. त्यानं दुकान मोडून कधीच पिठाची गिरणी टाकली होती, तरी सही करून माल उतरवून घेतला. कंपनीची मेल आहे म्हटल्यावर माल आपलाच असणार! संचालकांच्या दिवंगत आजोबांना सगळ्यांनी पुन्हा दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहिली. दुःख पहिल्या वेळेइतकंच झालं, म्हणजे काहीच झालं नाही.

आठव्या दिवशी मोजणी झाली. उगवण एकशे बारा टक्के!

"एकेका दाण्याला दोन दोन कोंब!" साहेब खुर्चीतून उठले. "तीस वर्षांत असा लॉट पाहिला नाही. आबाराव, तुमच्या मेलला जमीन मानवली." त्यांनी तिथंच प्रमाणपत्रावर सही ठोकली.

आबाराव ते छातीशी धरून कार्यमुक्तीचा हुकूम मागायला गेले. मॅडमनी पडद्यावर बोट ठेवलं. पेरलेल्यांत एक नऊ वर्षांपूर्वीची मेल होती. आबारावांची कंपनीच्या अंबड डेपोला बदली, तत्काळ रुजू व्हावे. ती बदली आबाराव दोन वर्षं भोगून परत आले होते. पण हैदराबादनं आता पुन्हा 'मंजूर' असं कळवलं होतं.

"हा तर सगळ्यांत जोमदार कोंब," साहेब म्हणाले. "आता तुम्ही अंबडचे. इथून तुम्हाला कार्यमुक्त कसं करू? अंबडला रुजू व्हा, तिथून निवृत्त व्हा."

"साहेब, अंबडचा डेपो बंद होऊन जमाना झाला. तिथं कटिंग सलून हाय."

"डेपोच्या उद्घाटनाची मेल असेल ना तुमच्याकडे?"

"हाय..."

"मग पेरा!"

पेरली. हैदराबादहून शुभेच्छा आल्या, पुष्पगुच्छ आला आणि डेपोची पाटीही आली. सलूनवाला मच्छिंद्र मनानं मोठा. त्यानं पाटी आरशावर टांगू दिली. "बसा आबा. गिऱ्हाईक आलं की तेवढं उठत जा."

अशा रीतीनं महिनाअखेर आली आणि निघून गेली. आबाराव फिरत्या खुर्चीत बसून राहिले. धावड्याला गोपिकाबाईनं सत्काराची पंगत आधीच सांगून ठेवली होती. माणूस नाही म्हणून तिनं आबारावांच्या फोटोला फेटा गुंडाळला आणि हार घातला. उशिरा आलेल्या दोन बायांनी फोटो पाहून पदर तोंडाला लावला. त्यांचं बघून आणखी चौघींनी लावला. रात्री फोन आला.

"जित्तेपणी रडून घेतलं गावानं तुमच्यासाठी. लापशी मातर कोन्ही सोडली न्हाई. आन् म्हैस आल्ती सकाळी दारात. मलाच लाथ मारली तिनं. कुठं हायत तुम्ही?"

"सलूनमदी. रुजू होऊन राह्यलो."

"केस तरी हायत का रुजू व्हायला?"

आबारावांनी निवृत्तीसाठी साधी सरळ मेल पाठवली, 'माझं वय झालं, मला मोकळं करा.' तिला उत्तर आलं नाही. ती एका ओळीची होती. वाचली जाण्याची भीती होती, आणि वाचलेल्या मेलवर निर्णय घ्यावा लागतो.

शेवटी एका दुपारी मच्छिंद्र दाढी करत होता, गिऱ्हाईक डोळे मिटून पडलं होतं आणि आबाराव बाकावर रिकामे होते. तेव्हा त्यांनी हैदराबादची ती पहिली मेल मोबाइलवर उघडली आणि कंपनीच्या इतिहासात प्रथमच एका माणसानं एक मेल शेवटपर्यंत वाचली. वाचता वाचता ते उभे राहिले.

"मच्छिंद्र! हे आमच्यासाठी नव्हतंच रे! 'शाखा कार्यालये वगळून' लिवलंय!"

"मंग साहेबाला कळवा."

त्यांनी कळवलं. साहेबांचं उत्तर आलं, 'नोंद घेतली.'

आबारावांनी ते उत्तरही शेवटपर्यंत वाचलं. मग गालातल्या गालात हसले आणि बाकावर मांडी घालून त्यांनी नवी मेल लिहायला घेतली. "उपरोक्त संदर्भीय विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, यापूर्वी वेळोवेळी निर्गमित सूचनांच्या अनुषंगाने, तसेच अंबड डेपोची एकंदर प्रगती विचारात घेता, सदर कर्मचारी आजपासून सेवानिवृत्त झाले असे समजून, त्यांच्या म्हशीस वर्षभर सरकी पेंड कंपनीच्या खर्चाने पुरविण्यात यावी, याची कृपया नोंद घ्यावी."

गिऱ्हाइकाची दुसरी बाजू व्हायच्या आत हैदराबादहून उत्तर आलं, 'मंजूर.'

आबाराव आता धावड्याला धार काढतात. म्हशीनं दोन लाथा मारल्या आणि मग ओळख धरली. पेंडीचं पोतं महिन्याच्या महिन्याला येतं. त्यावर लॉट नंबर असतो.

कंपनीतल्या लोकांना तुम्ही खुशाल हसा. पण ते 'शाखा कार्यालये वगळून' मघाशी तुमच्याही डोळ्यांखालून गेलं होतं. तुम्ही अडखळला नाहीत, मागं वळला नाहीत, मान हलवून सरळ पुढं आलात. सोमेश्वर साहेबांनी उगवणीची मोजणी सुधारून घेतली आहे. तुमचाही एक कोंब तीत धरला आहे.