नॉर्बर्टची कप्पी

अल्पीना गावात एखाद्या बुडालेल्या जहाजाबद्दल नॉर्बर्ट क्राव्चाकला माहीत नसेल, तर ते जहाज अजून बुडालेलंच नाही! हे मत अर्थात खुद्द नॉर्बर्टचं. गावासमोर सरोवराचा थंडर बे नावाचा उपसागर आहे, त्याच्या तळाशी दीड-दोनशे जहाजं निजलेली आहेत आणि त्यातल्या प्रत्येकाचा कप्तान कुठे चुकला, हे तो भर चौकात, न विचारता सांगत असे.

अडतीस वर्षं त्यानं सिमेंटच्या कारखान्यात धूळ खाल्ली ती खिडकीतून सरोवराकडे बघत. आता निवृत्तीनंतर त्याला एकच गोष्ट हवी होती: बुडालेली जहाजं दाखवणाऱ्या काचेच्या तळाच्या बोटीवरचा मार्गदर्शक व्हायचं आणि मार्गदर्शकाचं निळं जाकीट घालायचं. लग्नातसुद्धा त्याला कोटाची एवढी हौस नव्हती, असं त्याची बायको डेल्फीन म्हणते.

मार्गदर्शकाची परीक्षा झाली, शंभरपैकी अठ्ठ्याण्णव मिळाले. निर्णय जहाजांच्या संग्रहालयाच्या डॉ. थीया लिंडक्विस्ट यांच्या हाती होता. आणि डेल्फीननं त्यांना शुक्रवारी जेवायला बोलावलं.

"शुक्रवारी? आपल्या घरी?" नॉर्बर्ट किंचाळला.

"मग काय चर्चमध्ये? मासे तळीन, बटाट्याचं सॅलड करीन. त्यात ओरडण्यासारखं काय आहे?"

"कप्पी!"

न्हाणीघरात एक भलीमोठी लाकडी कप्पी टांगलेली होती आणि तिच्यावर टॉवेल वाळत असे. नॉर्बर्टच्या बापानं ती म्हणे बुडालेल्या जहाजावरून, श्वास रोखून, एका बुडीत वर आणली होती! पन्नास वर्षं क्राव्चाक घराण्याची मान त्या कप्पीवर ताठ होती. पण आता इथल्या जहाजांचं अभयारण्य झालंय. हरणाला हात लावायचा नाही, तसा इथे खिळ्यालाही लावायचा नाही. लावला तर सरळ गुन्हा.

"बाई हात धुवायला जाणार, कप्पी बघणार, आणि माझं जाकीट गेलं!"

"मग माळ्यावर टाक."

"छे! चोराच्या पोरानं मार्गदर्शक व्हायचं? जिथली वस्तू तिथे पोचवणार मी."

डेल्फीननं कपाळाला हात लावला. पण नवऱ्याच्या डोळ्यात पाणी बघून तिनं पुढे वाद घातला नाही.

बेत नामी होता. काचेच्या तळाच्या बोटीखाली बुडालेलं जहाज आलं की झाडून सगळे माना खाली घालतात. तेवढ्यात मागच्या कठड्यावरून कप्पी सोडायची. गुरुवारी सकाळी नॉर्बर्ट पिशवी पोटाशी धरून बोटीत शिरला, आणि समोर साक्षात थीयाबाई!

"अरे वा, नॉर्बर्ट! सरावाला आलात? पिशवीत काय एवढं?"

"सँडविच," तो म्हणाला.

"केवढं हो ते!"

"भूक फार लागते, मॅडम. पाण्यावर."

जहाज आलं. माना खाली गेल्या. नॉर्बर्टनं डोळे मिटले, बापाची मनोमन माफी मागितली आणि कप्पी दोन्ही हातांनी जोर लावून पाण्यात ढकलली. गुपचूप बुडाली! पन्नास वर्षांचं ओझं उतरलं. त्यानं कपाळ पुसलं आणि शिटी वाजवत येऊन बाकावर बसला.

बुडीत जहाजांची एवढी विद्या पोटात असलेल्या ह्या माणसाला एक साधी गोष्ट सुचली नव्हती. पन्नास वर्षं न्हाणीघरात वाळलेलं लाकूड बुडून राहत नाही!

टॉक्!

काचेखाली काहीतरी येऊन आदळलं. एक आजीबाई किंचाळल्या, "वर येतंय! जहाज वर येतंय!"

सगळी बोट एका बाजूला धावली. कप्तान ओरडला, "बसा खाली, नाहीतर आपलंच जहाज बघायला उद्या लोक येतील!" काचेला नाक लावून थीयाबाई थरथरत होत्या. "कप्पी! अख्खी कप्पी सुटून आलीय! कुणी हात लावू नका!" नॉर्बर्ट मात्र प्रवाशांना हातवारे करून सांगत होता, "काही नाही हो, मासा आहे! मोठा ट्राउट! चौकोनी असतात काही!"

कप्तानानं आकडीनं कप्पी वर ओढली. थीयाबाईंनी हातमोजे चढवले, लेकराला घ्यावं तशी ती मांडीवर घेतली आणि उलटी केली. मागे एक पट्टी चिकटवलेली होती. डेल्फीनला घरातल्या प्रत्येक वस्तूवर पट्टी लावायची सवय.

बाईंनी मोठ्यानं वाचलं, "नॉर्बर्ट. फक्त हात पुसायला. पाय नाही."

पन्नास माना हळूहळू नॉर्बर्टकडे वळल्या.

मग त्यानं सगळं सांगितलं. बाप, बुडी, चोरी, जाकीट, सगळं! शेवटी म्हणाला, "मला हवं तर पोलिसात द्या, पण वडिलांचं नाव त्यात नका गोवू. बिचारे वारले."

थीयाबाई लोखंडी पट्ट्यावरचा छाप निरखत होत्या. त्यांचे ओठ थरथरू लागले, आणि मग हसू आवरेना. "नॉर्बर्ट, ही जहाजाची नाहीच. ही गोठ्यातली कप्पी आहे. गवताचे भारे माळ्यावर चढवायची!"

"गोठ्यातली?" नॉर्बर्ट पुटपुटला. त्याला आठवलं, मामाचा गोठा होता. आणि बापाला, खरं म्हणजे, पोहता येत नव्हतं!

"सरोवरात कचरा टाकणंही गुन्हाच आहे," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "पण चोरीची समजून परत करायला आलात. असा माणूस मला कुठे मिळणार? जाकीट उद्या जेवायला येताना आणते. फक्त फेरी सुरू होताना 'पाण्यात काही टाकू नये' ही सूचना तुम्हीच द्यायची."

शुक्रवारी नॉर्बर्ट निळं जाकीट घालूनच मासे तळत होता. जाकिटावर तेल उडालं तरी काढेना. डेल्फीननं बटाट्याचं सॅलड आणलं, नेहमीच्या जुन्या पांढऱ्या वाडग्यात. थीयाबाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि एकदम थबकल्या. सॅलडखालून निळा नांगर डोकावत होता. त्यांनी उरलेलं सॅलड ताटात ओतलं आणि वाडगा उलटा केला. खाली बुडालेल्या जहाजाचं नाव छापलेलं होतं.

"डेल्फीन, हा कुठून आणलात?"

"तो होय? माझ्या आईचा. पोहायला जायची ना ती, बुडालेल्या जहाजाकडे. एकदा घेऊन आली. त्यात सांगण्यासारखं काय आहे?"

मग नॉर्बर्टनं जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि हळूच विचारलं,

"मॅडम, चिनी माती तरी बुडते ना?"